तिसऱ्या ओळीतलं वळण

मर्ल स्टॉफर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेले, आणि त्यांच्या कॉलेजातल्या बंधुमंडळाची, म्हणजे शपथ घेऊन एका घरात राहणाऱ्या मुलांच्या संघटनेची, शाखा पुन्हा सुरू व्हायची होती एप्रिलमध्ये. सहा वर्षं एका कामाच्या मागे लागलेल्या माणसाचं ते काम नऊ आठवड्यांनी हुकलं, म्हणून सगळे हळहळत. दफन आटोपल्यावर त्यांची मुलगी कोरिन हिने त्यांची फाइल वाचून काढली होती. कॉलेजला लिहिलेली एकेचाळीस पत्रं. तेवढ्या काळात तीन डीन बदलले, आणि प्रत्येक नव्या डीनला वडिलांनी पहिल्यापासून सगळं समजावलं होतं. शाखा १९०९ सालची. मुलं मिळेनात म्हणून १९७४ साली बंद पडली. कुणाची तक्रार नव्हती. ओक स्ट्रीटवरचं घर मागत नाही, तिथे आता दातांचा दवाखाना आहे तो असू द्या. फक्त शाखेच्या मान्यतेची सनद परत द्या. एका पत्रात टाइप केलेल्या मजकुराखाली पेनने लिहिलं होतं, ‘आम्हाला नवं काही नको, होतं तसं हवं. आम्ही आता अकराच उरलो आहोत.’

मार्चमध्ये ड्वेन रिचींचा फोन आला. हे वडिलांचे त्या घरातले खोलीसोबती. लहानपणापासून ती त्यांना ड्वेन अंकल म्हणायची.

“कोरी, एक अडचण झालीय. हसायचं नाही हं.”

“नाही हसत. सांगा.”

“आमचं गाणं हरवलंय.”

ती हसली नाही. त्या घराचं स्वतःचं एक गाणं होतं, १९२१ साली तिथल्याच एका मुलाने रचलेलं. नव्या मुलांना दीक्षा देताना, दार लावून, तेवढ्यापुरतंच ते म्हणत. स्वरलिपीची वही घर रिकामं करताना गेली.

“परवा आम्ही दहाही जण फोनवर जमलो,” ड्वेन अंकल म्हणाले. “शब्द सगळ्यांना तोंडपाठ. चाल विचारशील तर दहा जणांच्या अकरा. लेलंड चक्क नाताळातलं गाणं म्हणत होता, आणि वर आम्हालाच दटावतोय, हेच आपलं, तुम्ही म्हातारे झालात म्हणून.”

“बाबांना येत होती चाल.”

“म्हणून तर. तो म्हणायचा, चाल मी आणतो, तुम्ही फक्त जिवंत या.” त्यांनी आवाज खाली आणला. “घरी कधी गुणगुणायचा का गं?”

कधी? रोज. जेवणं झाली की वडील भांडी धुवायला उभे राहत आणि कोरिन शेजारी फडकं घेऊन. नळ सुरू झाला की तोंड मिटलेलं ठेवून ते गुणगुणायला लागत, कायम तेच एक. चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक नुसतं उघडून धरणारा हा माणूस नळापाशी मात्र गाणारा होई. सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, याला शब्द नाहीत का? ते म्हणाले, “आहेत. पण ते त्या घराबाहेर येत नाहीत,” आणि तिच्या हातात ओली बशी दिली. तिने हट्ट केला, अबोला धरला, पंधराव्या वर्षी टिंगलही केली. वडील जमीनमोजणीच्या खात्यात होते. मोजणीत झालेल्या चुका, सख्ख्या भावाशी झालेलं भांडण, दाढ काढायची वाटणारी भीती, सगळं ते तिला सांगत. एवढंच सांगितलं नाही.

जानेवारीत त्यांना उभं राहवत नव्हतं, तरी स्टुलावर बसून त्यांनी दोन कप धुतले होते, आणि गुणगुणले होते. तिने कप पुसले. या वेळी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. म्हणूनच तिने विचारलं नाही.

“चाल देते,” ती फोनवर म्हणाली. “तुम्ही मला शब्द द्या.”

“ते नाही जमायचं, बाळा. एकोणिसाव्या वर्षी शपथ घेतलीय मी.”

“लग्नाची शपथ चर्चमध्येही दोनदा घेतली होती तुम्ही.”

“व्वा! शोभतेस मर्लची.” ते खोकत खोकत हसले. “अगं, आणि शब्द काही खास नाहीत. पोराने लिहिलेले. यमकं जुळवताना घाम फुटलाय बिचाऱ्याला.”

“टाकाऊ असले तरी चालतील.”

“नाही गं.”

तरी एप्रिलमध्ये, शाखा सुरू व्हायच्या दिवशी, ती कॉलेजात गेली. तीन तास गाडी चालवताना मनात हिशेब एकच होता. एकदा तिथे पोचलं की म्हातारा विरघळेल. बाबा तिच्याशेजारी उभे राहून पन्नास वर्षं तोंडातल्या तोंडात काय म्हणत होते, तेवढं कळलं की झालं.

सकाळी अकराला तालीम होती, विद्यार्थी भवनाच्या तळघरातल्या खोलीत. चौतीस मुलं जमली होती. निळे कोट, टायच्या गाठी वेड्यावाकड्या. त्यांचा नवा अध्यक्ष एमेट प्रुइट नावाचा उंच, जरा पोक काढून चालणारा मुलगा होता. त्याने अदबीने तिला खुर्ची दिली आणि फोन काढून समोर धरला.

“तो खिशात,” ड्वेन अंकल म्हणाले.

“सर, नुसती चाल रेकॉर्ड करतोय. शब्द नाही.”

“चालसुद्धा नाही. आम्ही कानाने शिकलो, तुम्हीही कानाने शिका. कान बरे दिसतायत तुमचे.”

लेलंड शेजारच्या खुर्चीतून ओरडले, “काय म्हणतोय तो?”

“तुझ्या कानांचं नाही बोलत, लेलंड!”

मुलं हसली. कोरिन उभी राहिली. ही चाल तिने आजवर कुणासमोर म्हटलेली नव्हती. हातात फडकं नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, शेवटी तिने ते पाठीमागे बांधले आणि तोंड मिटून सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी, पहिलीसारखीच, फक्त शेवटी जरा लांबवलेली. तिसरी अर्ध्यात येऊन खाली उतरते, पायरी चुकल्यासारखी. मग चौथी.

“थांब,” ड्वेन अंकल म्हणाले. “तिसरी परत.”

तिने परत म्हटली. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि लेलंडना ढोसलं. “लेलंड! ऐकलंस का? अरे, हा तर मर्ल!”

“काय? जेवण आलं?”

ड्वेन अंकलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसून की कशाने ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “कोरी, ते तिथे वर जातं गं. वर! मर्लचा आवाज पोचायचा नाही. मग तो तिथून खाली घसरायचा, आणि तोही गुपचूप नाही, भसाड्या आवाजात, आख्खी रांग सोबत घेऊन. कोपरं मारून मारून बरगड्या काळ्यानिळ्या केल्या आम्ही त्याच्या. चार वर्षांत सुधारला नाही.”

“मग तुम्ही म्हणून दाखवा.”

त्यांनी घसा साफ केला आणि थरथरत्या आवाजात, ‘ला ला’ करत ती ओळ म्हटली. ती वर गेली, जरा थांबली, आणि तिथून चौथी ओळ आपसूक खाली आली. कानाला लगेच पटलं. असंच असणार होतं ते.

कोरिन खाली बसली. हे दुःखाचं गाणं आहे अशी तिची आयुष्यभर समजूत होती. तिसऱ्या ओळीत मान खाली घालणारं गाणं. वडिलांच्या मनात काहीतरी आहे, न सांगण्यासारखं, म्हणून ते शब्द सांगत नाहीत, असंही तिने कधीकाळी धरून टाकलं होतं. आणि इथे त्यांचा आवाज पोचत नव्हता, इतकंच.

एमेट पुढे आला. “मॅम, मग आम्ही कोणतं शिकायचं?” त्याने मागे वळून मुलांकडे पाहिलं. “शाखा मिस्टर स्टॉफरनी परत आणली. ते असं म्हणत असतील तर आमचंही असंच असू दे ना. बरोबर ना रे?”

माना हलल्या. मागून एक जण म्हणाला, “सोपंही आहे ते.”

“तू म्हणशील तसं,” ड्वेन अंकल तिला म्हणाले. “आम्ही दहाजण कोणी तोंड उघडणार नाही. लेलंडला तर पत्ताही लागणार नाही.”

दरवर्षी नवी मुलं येतील, दार लागेल, आणि सगळी मिळून त्याच जागी खाली घसरतील. वडिलांचं नाव कुणाला माहीत नसेल, पण ते तिथे असतील. तिला ते फार हवंसं वाटलं. पण पेनने लिहिलेली ती दोन वाक्यं तिने वाचलेली होती.

“वर जा,” ती म्हणाली. “होतं तसं म्हणा.”

मग तासभर तेच चाललं. ड्वेन अंकलचा आवाज बसला तसा एमेटने तोंड मिटून पुढे चालवलं, आणि चौतीसजण पुन्हा पुन्हा तिसऱ्या ओळीला वर चढत राहिले.

तीन वाजता दीक्षेसाठी दार लागलं. बाहेरच्या बोळात मुलांच्या आया उभ्या होत्या. टेबलावर हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, आणि निळ्या आयसिंगने मंडळाच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं काढलेला चौकोनी केक. एका बाईने तिच्यासाठी जागा केली.

“तुमचा कोणता?”

“माझे वडील होते इथे.”

“अरे वा! आत आहेत?”

“नाही,” कोरिन म्हणाली.

मग आतून गाणं आलं. जाड लाकडातून शब्द कळत नव्हते, नुसता आ आणि ओ पोचत होता. तिसरी ओळ आली आणि सगळे आवाज एकदम वर गेले. कुणी अडखळलं नाही. बाईने तिचा दंड धरला. “किती छान गातायत हो! घरी माझा बाथरूममध्येसुद्धा गात नाही.”

“छान गातायत,” कोरिन म्हणाली.

केक कापण्याआधीच ती गाडीत येऊन बसली. किल्ली लावली नाही. काचा वर करून ती गुणगुणायला लागली. पहिली ओळ, दुसरी. तिसरी वर गेली.

ती थांबली. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा वरच गेली. तिने डोळे मिटले, नळ आठवला, स्टूल आठवलं, तिसऱ्या ओळीशी मुद्दाम आवाज खाली ढकलला. खाली गेला, पण कुठे तरी भलतीकडेच. ते वडिलांचं वळण नव्हतं. कुठल्या शब्दापाशी ते वळत हे ठाऊक असतं तर निदान जागा सापडली असती. सकाळी न शोधता आलेलं, पन्नास वर्षं कानात असलेलं, दुपारपर्यंत चौतीस मुलांनी पुसून टाकलं होतं, आणि पुसायला तिनेच सांगितलं होतं. घरात त्यांच्या आवाजाची एकही टेप नव्हती.

काचेवर टकटक झाली. ड्वेन अंकल कागदी बशीत केक घेऊन उभे होते. ती दार उघडेपर्यंत ते वळसा घालून शेजारी येऊन बसलेही.

“निघालीस न सांगता? ऐक, सनद पडली त्या एमेटच्या हातात.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बशी मांडीवर ठेवली. “कोरी. शब्द हवे होते ना तुला? चल, सांगतो. या वयात मला कोण काढून टाकणार आहे?”

“नकोत.”

“अगं, खरंच सांगतोय.”

“शब्द राहू देत, ड्वेन अंकल. बाबांचं ते वळण दाखवा. मला येत नाहीये.”

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “सोपंय,” ते म्हणाले आणि बसलेल्या आवाजात सुरू झाले. तिसऱ्या ओळीशी त्यांचा आवाज वर गेला. “थांब, थांब.” पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा त्यांनी हाताने हवेत खाली खूण करत प्रयत्न केला, आणि मध्येच थांबून मान हलवली.

“मर्लशिवाय हे चुकत नाही गं,” ते म्हणाले.

समोर मुलं दोन दोन, चार चार करून भवनातून बाहेर पडत होती. कुणीतरी तीच ओळ शीळ घालत घेऊन चाललं होतं. कोरिनने काच घट्ट वर आहे ना ते पाहिलं.

“परत करू,” ती म्हणाली. “दुसऱ्या ओळीपासून.”