नाव अद्याप कळलेले नाही

मी एक जुना कुंचला आहे. माझी मूठ फणसाच्या लाकडाची, केस डुकराचे. निम्मे झडले आणि उरलेले ताठ झाले. मित्रांनो, व्हिएतनाममधल्या क्वांग त्रीच्या सैनिक दफनभूमीत मी दगडांवरची नावे रंगवतो. दर जुलैत, शहीददिनाआधी, राखणदार खामकाका मला डब्यातून काढतात आणि फिकी पडलेली अक्षरे आम्ही पुन्हा लाल करतो. लोक खामकाकांच्या हाताचे कौतुक करतात. एरवी मी त्या डब्यातच पडून असतो. त्यातले रॉकेल कधीच उडून गेलेले असते. असो.

सगळ्यांत जास्त वेळा मी एकच ओळ रंगवली आहे: 'नाव अद्याप कळलेले नाही'. तिसऱ्या रांगेतल्या अशाच एका दगडाला न्यानआजीने आपला भाऊ मानले होते. तिचा धाकटा भाऊ लाम याच भागात लढताना गेला. त्याची कबर सापडलीच नाही. स्वप्नात त्याने हा दगड दाखवला, असे ती म्हणे. वीस वर्षे ती दोन दिवसांचा प्रवास करून येई, एक सिगारेट पेटवून दगडापुढे ठेवी आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"लाम्या, छप्पर परत गळतंय. तू असतास तर चढला असतास की नाही वर?"

गेल्या वर्षी हाडांची तपासणी झाली. तो लाम नव्हता. तो थुआन नावाचा दुसराच मुलगा होता, आणि त्याचा थोरला भाऊ त्याला गावी न्यायला आला. नेमकी त्याच दिवशी आजीही आली. तिची सिगारेट पेटल्यावर खामकाकांनी कसेबसे तिला सांगितले. मी त्यांच्या हातात होतो. माझा रंग त्यांच्या पँटवर ठिबकला.

"ताई," थुआनचा भाऊ हळूच म्हणाला, "आमचा थुआन सिगारेट ओढत नव्हता हो. धुरानं खोकायचा."

"म्हणजे वीस वर्षं खोकत बसला बिचारा!" आजी हसली, आणि हसता हसता रडू लागली.

"तुम्ही होता म्हणून तो एकटा नव्हता. आमच्या घरी चला. तुमचाही हक्क आहे त्याच्यावर."

"माझा लाम इथंच कुठंतरी आहे. त्याला टाकून कशी येऊ?"

लाल कापडात हाडे बांधून तो गेला. आजी रिकाम्या खड्ड्यापाशी उभी राहिली. ही आता पुन्हा येणार नाही, असे मला वाटले.

"खाम, शेजारच्याला भेटायला कोण येतं?"

"कुणी नाही, आजी."

"त्याच्या पलीकडच्याला?"

"त्यालाही नाही."

रांगेत असे चौदा दगड होते. आजीने उदबत्तीचा पुडा फोडला. प्रत्येक दगडापुढे एक उदबत्ती खोचून ती तेच बोलत गेली.

"मी न्यान. लामची बहीण. तुमच्यात कुणी त्याला ओळखत असेल, तर सांगा त्याला, मी आलेय म्हणून."

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ असा एखादा दगड असेल. उन्हाने त्याची अक्षरे उडतात. वर्षातून एकदा तरी ती रंगवा. कोणाची बहीण त्याला शोधत येईल, हे आपल्याला ठाऊक नसते.