मुरुमच्या ओढ्याकाठी फेकलेला मोबाईल

मी मोबाईल बोलतोय. बंद पडलेला नव्हे, टाकून दिलेला. यातला फरक तुम्हा माणसांना कळावा अशी माझी अपेक्षा नाही.

माझा मालक विरेश. मुरुम गावच्या बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान आहे. मला घेतलं तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. दीड वर्षानं काच तडकली आणि त्यानं मला टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये कोंबलं. तिथं माझ्याआधीचे दोन फोन होते, चार चार्जर, एकाच कानात वाजणारा इअरफोन आणि पोट फुगलेला एक पॉवरबँक. तुम्ही वस्तू जपत नाही, सोडतही नाही. नुसत्या कुजवता.

त्याची बायको शिवगंगा एकदा म्हणाली, "अहो, हे फुगलंय बघा. निखतच्या दुकानात देऊन या. ती असलं जुनं सामान गोळा करून पुण्याला कारखान्यात पाठवती म्हणं."

"मला येळ हाय का? राहू दे, लागंल कवातरी," विरेश नव्या फोनमधून मान वर न काढता म्हणाला. निखतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानासमोरच होतं.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा त्यानं सगळा ड्रॉवर एका पिशवीत उपडा केला. मोटारसायकलवरून ओढ्यापलीकडं गेला, कचऱ्याच्या ढिगावर पिशवी भिरकावली आणि रुमालानं हात पुसले. ज्या हातांनी मला तासन्‌तास कुरवाळलं, तेच हात.

त्या ढिगावर गजराबाई रोज प्लास्टिक वेचायला येत. साठी उलटलेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी ढिगाला काडी लावून गेलं होतं. कचरा पेटवला की गाव स्वच्छ झालं, अशी इथली समजूत आहे. आग आपल्या गोणीकडं सरकतेय म्हणून गजराबाई ती ओढायला वाकल्या आणि शेजारचा पॉवरबँक फुटला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या मटकन खाली बसल्या. "काय व्हतं ग बाई त्यात?" एवढंच म्हणाल्या.

माणसं धावत आली. आली आणि खिशातून फोन काढून उभी राहिली. त्यात विरेशही होता. त्यानं व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'कचऱ्यात स्फोट. लोकांना अक्कल कधी येणार?' दीडशे जणांनी त्याला अंगठा दाखवला.

पाण्याची घागर घेऊन आली ती एकटी निखत. तिनं गजराबाईंच्या हातावर पाणी धरलं, रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. आग विझल्यावर परत येऊन तिनं पिशवीतलं उरलेलं सामान चिमट्यानं उचललं. माझी पाठ होरपळली होती. तिनं माझी बॅटरी काढून दुसरी जोडली आणि पडदा उजळला. त्यावर गळ्यात हार घालून विरेश हसत होता.

ती मला घेऊन त्याच्या दुकानात गेली.

"विरेशभाऊ, हा फोन तुमचाच ना? याच पिशवीतला पॉवरबँक फुटला. मावशीच्या हाताची सालपटं निघालीत."

विरेशनं आधी दारात कुणी गिऱ्हाईक आहे का ते पाहिलं. मग हळूच विचारलं, "त्यातले फोटो तू बघितलेस का?"

हाताबद्दल एक अक्षर नाही. या माणसाच्या छातीवरच्या खिशात मी दीड वर्ष राहिलो, याची मला लाज वाटली.

शिवगंगा आत कापडाच्या घड्या घालत होती. ती बाहेर आली. "आधी तो व्हिडिओ काढून टाका," ती म्हणाली, "आन् चला दवाखान्यात."

"आत्ता? गिऱ्हाईकाची येळ हाय."

तिनं पायात चपला सरकवल्या आणि ती निखतबरोबर निघाली. विरेशनं व्हिडिओ मात्र काढून टाकला. तेवढ्यासाठी त्याला वेळ मिळाला.

गजराबाईंची दोन बोटं अजून वळत नाहीत. शिवगंगा रोज सकाळी जाऊन त्यांची वेणी घालते. येताना चार घरांत थांबते आणि 'लागंल कवातरी' म्हणून ठेवलेलं सामान मागून घेते. कुणी देतं, कुणी दार लोटून घेतं.

मी आता निखतच्या खोक्यात आहे. माझी बॅटरी काढून, तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवलीय. सोमवारी आम्ही पुण्याला जाऊ. तिथं माझं तांबं निघेल, कणभर सोनंही. जिवंतपणी तुमच्याकडं असताना मी एवढ्या कामाचा कधीच नव्हतो.

जाताना तुमच्यापुढं हात जोडावेत एवढा आदर माझ्यात उरलेला नाही. फक्त सांगून जातो. घरातलं असलं सामान आजच काढा आणि योग्य माणसाच्या हाती द्या. कारण गजराबाई त्या ढिगावर पुन्हा येऊ लागल्यात. आता त्या डाव्या हातानं वेचतात.