पावाच्या गाडीमागचा बझर

मी एक जुना बझर आहे. जरा थांबा हं, मागे कोणी नाही ना, तेवढे बघून घेतो. नाही. आता बोलतो. मित्रांनो, राग मानू नका, माझा स्वभावच असा आहे. जागा असलो की सेकंदाला वीस वेळा ‘कोण आहे?’ असे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात, पोट उघडून बसलेल्या मिक्सरांच्या गर्दीत झाला. तिथे काम करणाऱ्या ताईने मला घडवले. तिचे बाबा बेकरीची गाडी चालवत. एका आजारपणानंतर त्यांची मान वळेनाशी झाली होती. बेकरीतले लोक थट्टेने त्यांना ‘सरळमार्गी’ म्हणत. बाबाही हसत, पण गाडी मागे घेताना त्यांना दरदरून घाम फुटे. दोनदा गाडी भिंतीवर आदळली होती. तिसऱ्यांदा मागे भिंतीऐवजी माणूस असला तर? ताईच्या जिवाला घोर लागला.

तिने जेवणाच्या जुन्या डब्याला दोन गोल भोके पाडून त्यात माझे डोळे बसवले. खरे तर ते एक तोंड आणि एक कान. तोंड माणसांना ऐकू न येणारा आवाज सोडते आणि कान तो परत येण्याची वाट पाहतो. आवाज लवकर परतला, की समजायचे कोणीतरी जवळ आहे. हे ठरवायला बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे माझा इवलासा मेंदू, होता. पहिल्या दिवशी मी भिंतीवर ओरडलो, खुर्चीवर ओरडलो, ताईच्या नाकावरही ओरडलो.

“अरे, मी आहे, मी!” ताई हसत म्हणाली.

मला गाडीच्या मागे बसवले आणि माझा आवाज तारेने बाबांच्या कानाशी नेला. बाबा दिसेल त्याला सांगत, “पोरीनं मला पाठीला डोळे लावून दिलेत!” तेव्हा मला किती बरे वाटायचे!

पण रस्ता चिखलाचा. चिखलाचा गोळा डोळ्यावर बसला की मला वाटे, कोणी अगदी खेटून उभे आहे. मग मी थांबतच नसे.

“याची कटकट बंद कर गं. डोकं उठलंय माझं,” बाबा वैतागले.

ताईने मला नवा नियम शिकवला. दोन बोटांपेक्षा जवळ काही आले, तर तो चिखल समजायचा आणि गप्प बसायचे. कटकट थांबली. मला पुसायचे मात्र सगळे विसरले. चिखल वाळला, त्यावर आणखी चढला. मी विचारतच राहिलो आणि नियमाप्रमाणे गप्प राहिलो.

एका सकाळी मागचा दिवा बघायला ताई हत्यारांची पेटी घेऊन गाडीमागे बसली. बाबा बेकरीतून आले. त्यांनी रिव्हर्स टाकला, कान दिला. मी गप्प होतो. त्यांनी गाडी मागे घेतली.

मित्रांनो, मला ओरडायचे होते. मला ओरडता येत नव्हते.

कडाड् असा आवाज झाला. चाकाखाली पेटी चेपली. ताई कशीबशी बाजूला लोळली होती, तिचे कोपर सोलवटले होते. बाबा धावत आले आणि तिच्याशेजारी खाली बसले.

“हा वाजला नाही गं! वाजला नाही म्हणून मी...”

“त्याची चूक नाही, बाबा. गप्प बस असं मीच त्याला शिकवलं.”

ताईने त्याच दुपारी तो नियम पुसला. आता मला दिसेनासे झाले की मी लांब, रडका सूर काढतो. बाबांचे डोके उठते, पण ते मुकाट्याने उतरतात आणि रुमालाने माझे डोळे पुसतात.

आता माझा डबा तडकला आहे, आवाजही चिरका झाला आहे. तुमच्या घरातही कोणी सारखी काळजीची कटकट करत असेल. ते अचानक गप्प झाले, तर सगळे ठीक आहे असे समजू नका. आधी वळून बघा. बाबांना मान वळवता येत नाही, म्हणून ते आता दर वेळी खाली उतरून गाडीमागे बघून येतात. तुमची मान तर वळते ना?