धूर मागणारे साहेब

काळा धूर म्हणजे फायरमनची लाज. कोळसा पातळ पसरला आणि हवा नीट दिली, की धुराड्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. फोटोवाल्यांना मात्र नेमका तोच धूर हवा असतो.

१९९१ साली मी जयपूरला वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो. नंदकिशोर साहेब बँकेत अधिकारी, राहायला मालवीय नगरला. जुन्या इंजिनांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा त्यांना भारी नाद. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला, म्हणून त्यांच्या शब्दाखातर मी भट्टीत कोळसा कोंबला. फोटो पेपरात छापून आला. तो पाहून वरिष्ठांनी मला कोळसा नासल्याचा मेमो दिला आणि ड्रायव्हरची बढती तीन वर्षं अडली. 'धूर मी मागितला होता' एवढी एक ओळ लिहून द्या म्हणून मी बायकोला, यमुनेला, घेऊन साहेबांच्या दारात गेलो. त्यांनी उंबऱ्यावरूनच 'बघू' म्हटलं आणि दार लावून घेतलं. बायकोदेखत झालेला तो अपमान मी कधी विसरलो नाही.

२००४च्या मे महिन्यात सीकरच्या मीटरगेज लाइनवर एक जुनं इंजिन शेवटचं चालवायचं ठरलं. बॉयलरची परवानगी त्याच दिवशी संपत होती. डिझेलवाल्या पोरांना भट्टी सांभाळता येईना, म्हणून मला निवृत्तीतून बोलावणं आलं. फलाटावर बघतो तर कॅमेरा घेऊन नंदकिशोर साहेब. त्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं आणि मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. पुढच्या वळणावर उभा राहतो, तिथे दणकून धूर सोडा, म्हणाले. मेच्या उन्हात वाफही दिसत नाही. धूर नसेल तर फोटोत इंजिन मेलेलं दिसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"भगवानराव, झालं गेलं विसरा."

"आधी ती ओळ लिहा, साहेब. सही-तारखेसकट."

त्यांनी डायरीचं पान फाडलं आणि इंजिनाच्या पायरीवर ठेवून लिहिलं. मी ते नीट वाचून खिशात घातलं. आता धूर नक्की ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

वळण आलं तेव्हा माझ्या भट्टीत आयुष्यातली सगळ्यात सुरेख आग होती. धुराड्यावर नुसतं निळं आभाळ. साहेब कॅमेऱ्यामागून हात वर करकरून ओरडत होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

गाडी परत आली तेव्हा ते फलाटावर लालबुंद होऊन उभे होते.

"अहो, मी लिहून दिलं होतं ना?"

"ते माझ्या हक्काचंच होतं, साहेब. तेरा वर्षं उशिरा दिलंत. आजच्या धुराबद्दल काय दिलंत?"

इंजिन पुन्हा एकदा वळणावर न्या, असं ते ड्रायव्हरला विनवू लागले. मी खाली बसलो आणि भट्टीतली आग ओढून बाहेर काढली. आज ते इंजिन पुन्हा हलणार नव्हतं, आणि उद्या परवानगी नव्हती. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.