लगेच थांबलेलं रक्त

रक्त लगेच थांबलं आणि त्यामुळंच मी घाबरले.

उरणजवळच्या मोरा बंदरात, आमच्या ओटीवर, माझ्या सासूबाई विमलबाई कालवं फोडत बसल्या होत्या. कोयतीचं टोक शिंपेच्या फटीत, मनगटाला हलका झटका, की आतलं कालव अख्खं पाण्यात. शिंपेची धार बोटाला लागली, तशी त्यांनी चिमूटभर हळद दाबली. बोट कोरडं.

अटॅकनंतर त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. तेव्हापासून गोळ्यांमुळं साधं खरचटलं तरी फडकं भिजायचं. आज मात्र काहीच नाही.

"आई, सकाळची गोळी घेतली?"

"घेतली न."

"माझ्याकडं बघून सांगा."

विमलबाईंना मासळीच्या भावाशिवाय कशातच खोटं बोलता येत नाही. त्या शिंपांकडं बघत म्हणाल्या, "कालवं फोडायच्या दिवशी नाय घेत. बाकी दिवशी घेतंय न. रगत पान्यात पडतं. लाल पान्यातली कालवं कोन घेल?"

मला राग आला. रागापेक्षा भीती जास्त वाटली. ओहोटी चांगली लागली की आठवडाभर कालवं फोडायचीच, म्हणजे आठवडाभर गोळी नाही. मी तिथंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, रक्तात बारीक पेशी असतात. जखम दिसली की धावत येतात, एकमेकींना चिकटून बूच लावतात. बोटाला ते बरं. पण त्यांना तुमची जाळीही जखमच वाटते. तिथं बूच बसलं की अटॅक. शिवाय त्या सूज आणणाऱ्या पेशींनाही बोलावतात. मग सूज आजूबाजूचा चांगला भागही मारते. मागच्या वेळी हृदयाचा कोपरा असाच गेला तुमचा."

सासूबाईंनी हातातली शिंप खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे होडी उलटली का अख्खा गाव जेटीवर धावतो, तसा. वाचवाला आलेलेच मानसं चेंगरतान."

"अगदी तसंच. गोळी ती गर्दी अडवते. तुमच्याकडं आता दुसरा कोपरा घालवायला नाही, आजी. गोळी सोडायची नाही. सोडायचीच तर कोयती सोडा."

फोन ठेवला. माझ्या लग्नाआधीपासून, माझ्या नवऱ्याच्या, धनेशच्या जन्माआधीपासून ही बाई कालवं फोडते. उरणच्या बाजारात तिची कालवं न विचारता घेतात, कारण त्यातलं एकही फाटलेलं नसतं. ते सोडा म्हणणं सोपं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्या उठल्या, आत जाऊन गोळी घेतली, तोंड पुसत बाहेर आल्या. कोयती पदराला पुसून माझ्यापुढं धरली.

"धर."

"आई, मी कंटेनर यार्डात बिलं टाईप करते. मला नाय जमणार."

"मना तरी कोनी पोटात शिकवलंय? फट शोद आदी. घाई नको."

पहिलं कालव फाटलं. दुसरंही. तिसऱ्याला शिंप माझ्याच बोटात घुसली आणि टोपातलं पाणी गुलाबी झालं. मी त्यांच्याकडं बघितलं.

"तुजं थांबंल," त्या म्हणाल्या आणि टोपातलं पाणी बदलून आणलं.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या. एकदाही टोकलं नाही. फक्त मी फट शोधू लागले की मांडीवरचा त्यांचा रिकामा हात हळूच वळायचा, आणि शिंप उघडली की थांबायचा.