आटलेलं पाणी

माशाचा कल्ला उघडत होता, मिटत होता, फार भराभर... कुंताने पेटीच्या काचेला नाक लावून मोजायचा प्रयत्न केला आणि तिसाच्या पुढे ती चुकलीच. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो बोटाएवढा मासा पर अंगाशी आवळून कोपऱ्यात लटकून होता. तीन दिवस त्याने दाण्याला तोंड लावलं नव्हतं. ऑपरेशनसाठी नागपूरला जाताना घर तिच्यावर सोपवून मालकीण रीताबाई म्हणाल्या होत्या, "कुंताबाई, तुम्ही ढिवर लोक, तुम्हाला मासा काय शिकवायचा!" — आणि हिची छाती तेव्हा फुगली होती.

शिकले काय पण मी? घुग्घुसच्या बाजारात पंधरा वर्षं अंगठ्याने कल्ला उचलून दाखवला, लाल तर ताजा, फिका तर कालचा. पोट बोटाखाली घट्ट लागावं... ही सगळी मेलेल्या माशाची परीक्षा. कुरखेड्याकडे, माहेरच्या तलावात उन्हाळ्यात मासे धापा टाकत वर आले की आम्ही टोपल्या घेऊन धावायचो, हसत. त्यांचं काय दुखतं, हे आमच्यात कधी कोणी विचारलं नाही.

पाणी तर तिने नेमाने भरलं होतं. पाणी आटून खाली गेलं की काचेवरच्या रेघेपर्यंत भरायचं, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. पण समुद्राचा मासा, त्याला अळणी पाणी कसं चालेल, म्हणून ती रोज डब्यातलं मूठभर मीठ विरघळवून ओतायची — आपल्या अकलेने, मायेने. आजही मूठ भरली आणि हात थांबला. रस्सा आटला तर आपण त्यात मीठ घालतो? साधं पाणी घालतो. मीठ कुठे जातं, ते भांड्यातच राहतं! बारा दिवस, बारा मुठी... चुलीपाशी जन्म गेला आणि एवढं कळू नये, कुंते?

आता साधं पाणी ओतावं? एकदम ओतलं तर मरेल? नाही ओतलं तर? सांगू शकतील त्या फक्त रीताबाई. आणि बाईंचे साहेब काल फोनवर म्हणाले होते, ऑपरेशन नीट झालं, पण ती घास घेत नाही, दिवसभर त्या माशाचंच विचारते.

फोन वाजला.

"कुंताबाई, खाल्लं का हो त्यानं आज?" आवाज अगदी बारीक झाला होता.

सांगून टाक, मीठ मी घातलं, बाई, आता काय करू... एवढंच तर विचारायचं होतं.

"हाव बाई, खाल्लं ना," तोंडातून निघालं. "मस्त हाय तो. तुमी काऊन जेवून नाई राह्यल्या?"

पलीकडे बाई हसल्या, आणि कुणाला तरी म्हणाल्या, "आणा ती खिचडी इकडे."

फोन बंद करायचं त्या विसरल्या असाव्यात. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. पुन्हा आला. कुंता ऐकत राहिली — बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं, आणि आता उद्याही हेच सांगावं लागणार, परवाही... पेटीकडे तोंड फिरवायची तिची हिंमत होईना.