निरोप दोनदा वाचायचा

रेडिओ रिबेराच्या वाढदिवसासाठी झुलेमाने केंद्राचा इतिहास एका बैठकीत लिहून काढला आणि पहिल्याच ओळीत आजीचं नाव ठोकून दिलं. का नाही देणार? खरं तेच तर होतं!

केंद्र सुरू झालं त्या पहिल्या दिवशी मालक रोमुलो कडक इस्त्रीचा सदरा घालून माइकसमोर बसले आणि त्यांची बोबडीच वळली. मागच्या अंगणात त्यांचे कपडे वाळत घालणारी आसुन्ता ओल्या हातांनीच आत आली आणि तिने निरोप वाचला. नदीच्या वरच्या अंगाला रबराचा चीक काढायला गेलेल्या कुणा माणसाला सांगायचं होतं : बायको अडली आहे, होडी घेऊन ये. आणि तो आला की!

तेव्हापासून नदीकाठच्या वस्त्यांना, जिथे ना रस्ता ना फोन, आसुन्ताचा आवाज ठाऊक झाला. नियमही तिनेच घातला. खिडकीत आलेला निरोप वाचायचाच, एक शब्द न बदलता, आणि दोनदा. एकदा ज्याच्या कानी पडेल त्याच्यासाठी, दुसऱ्यांदा तो ज्याला हाक मारून आणेल त्याच्यासाठी.

पुढे परवाना मिळाला, आशीर्वाद द्यायला बिशप आले. त्यांच्यासमोर धुणंवाली कशी बसवायची? मग मालकीण ग्रिसेल्दाबाई बसल्या. आसुन्ता पुन्हा पाटावर कपडे आपटायला लागली. नियम तेवढा राहिला.

"हे काय गं?" वाढदिवसाच्या रविवारी सकाळी मालकांनी कागदावर तांबडी पेन्सिल टेकवली. "आसुन्ता? पहिला आवाज ग्रिसेल्दाचा. सगळ्या गावाला माहितीये."

"पण मालक, आजी..."

"तुझी आजी धुणं छान धुते. त्याचं काय करू, रेडिओवर सांगू?" ते हसले. कोपऱ्यात पंख्याने वारा घेत बसलेल्या ग्रिसेल्दाबाईही हसल्या. "हे बघ पोरी, आज नीट वाचलंस तर उद्यापासून सकाळचे निरोप तुझे. नाहीतर औषधवाल्याची मुलगी बाहेर नटून उभीच आहे. बोल पटकन."

झुलेमाने काचेतून पाहिलं. चौकात कर्ण्याखालच्या बाकावर आजी बसली होती. ठेवणीतला निळा झगा, केसांना तेल. शेजारणींना तिने आग्रहाने गोळा केलं होतं, सोबत खायला कच्ची केळी कुटून केलेला मासाको बांधून आणला होता. म्हणजे नातीने नाव घेतलं की लगेच वाटायला!

माइक लहानपणापासून झुलेमाच्या स्वप्नात यायचा. एक बोट अंतर ठेव, श्वास नाकाने घे, शेवटचा शब्द गिळू नकोस, हे आजीनेच शिकवलं होतं, मडक्याच्या तोंडाशी बसवून.

तिने वाचलं. "या केंद्राचा पहिला आवाज, आदरणीय ग्रिसेल्दाबाई..." आणि अगं बाई, काय वाचलं! एकही शब्द गिळला नाही. बाहेर टाळ्या पडल्या. एक शेजारीण हसत म्हणाली, "काय आसुन्ता, तुझं नाव कुठाय? वाहून गेलं का साबणाबरोबर?" आजीने मासाकोची पुरचुंडी पुन्हा बांधली.

मग निरोपांची वेळ झाली. बटणं सांभाळणाऱ्या इलारिओने खिडकीतून आलेली चिठ्ठी झुलेमापुढे सरकवली आणि मान खाली घातली. अक्षर ओळखीचं होतं.

"मालक, हा नको," ती कुजबुजली.

मालकांनी चिठ्ठीवर नजर टाकली आणि त्यांचे डोळे चमकले. "नको कसा? नियम आहे ना! वाच, वाच. लोक महिनाभर बोलतील."

झुलेमाने नाकाने श्वास घेतला.

"आसुन्ता नोए यांच्याकडून, नात झुलेमाला निरोप. तुझी झोपायची झोळी आज मी खांबावरून सोडते आहे. ज्या घरच्या आवाजाचं तू कौतुक केलंस, त्याच घरी ती बांध. माझ्या दारात येऊ नकोस."

ग्रिसेल्दाबाईंचा पंखा थांबला. "आमच्या घरी? छे! जागा कुठाय?"

मालकांनी दोन बोटं वर केली. दोनदा.

काचेपलीकडे आजी येऊन उभी होती. झुलेमाला वाटलं, आवाज चिरकेल, रडू येईल, मग आजीलाही दया येईल. पण आवाज चिरकलाच नाही! स्वच्छ, सरळ, माइकपासून एक बोट लांब. वरच्या वस्त्यांपर्यंत, होड्यांपर्यंत गेला. "...माझ्या दारात येऊ नकोस."

शेवटचा शब्दही तिने गिळला नाही. आजीने मान हलवली, मडक्याशी बसवून शिकवताना बरोबर जमलं की हलवायची, अगदी तशीच. मग पुरचुंडी काखेत मारून ती घराकडे निघाली, झोळी सोडायला.

"वा!" मालक म्हणाले. "उद्या सकाळी लवकर ये हं."